हवेवर कान ठेवणारे आमचे साडू

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून हवेची खरी काळजी करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हवेची काळजी म्हणजे झाडं लावा, धूर कमी करा, त्यातली नव्हे. तशी काळजी वाहणारे पुष्कळ आहेत आणि ते भाषण करून घरी जातात. आमच्या साडूंची हवा वेगळी. कॉम्प्रेसरने दाबायची, टाकीत भरायची आणि पाइपांतून कारखानाभर खेळवायची, यंत्रांचे हातपाय हलवणारी ती हवा. तिला कुठं भोक पडलंय, कुठला सांधा ढिला झालाय, कुठून ती काडीचं काम न करता उडून चाललीय, हे हुडकत हा गृहस्थ खेड शिवापूरपासून सारोळ्याच्या पुलापर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांचे कारखाने पालथे घालत असतो. या उद्योगाला ऑडिट म्हणतात आणि त्यासाठी लोक आपणहून बोलावतात, यावर आमच्या सासुरवाडीचा अजून विश्वास बसलेला नाही. सासरे तर गावात सांगतात, थोरले जावई हवामान खात्यात आहेत. त्यामुळे साडू तिकडे गेले की चार माणसं येऊन पाऊस कधी उघडणार ते विचारून जातात.

माझी बायको त्यांची धाकटी मेव्हणी. ती त्यांना दाजी म्हणते. मी एकदा कारखान्यातून तिच्याशी फोनवर बोलताना "दाजी आलेत गं" म्हणालो आणि ते आमच्या माणसांनी ऐकलं. तेव्हापासून गेटवरच्या वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांचे ते दाजीच झाले. मूळचे वेल्ह्याकडच्या डोंगरातले. आयटीआय करून पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत चिकटले आणि उभी हयात तिथल्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये काढली. रिटायर झाल्यावर शहाणी माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात, तीर्थयात्रेला जातात, फार तर सोसायटीच्या भांडणात पडतात. यांनी भोरला घर बांधलं, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि पोरांच्या वयाच्या इंजिनिअरांबरोबर परीक्षेला बसून ऑडिटर झाले. पास झाल्याचे पेढे वाटताना म्हणाले, "आता म्या सरकारमान्य चोर पकडणारा." चोर म्हणजे गळती, हे मला नंतर कळलं.

त्यांचा सिद्धांत सोपा आहे आणि तो ऐकल्याशिवाय कुणाची सुटका होत नाही. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी तो नवऱ्या मुलालाच ऐकवला. "ईज जाळून हवा दाबायची. त्यातली लई ईज नुसती गरम हून जाती. उरली ती पायपात घालायची आन भोकातनं सोडून द्यायची. म्हंजी दूध आटवून आटवून बासुंदी करायची आन मोरीत वतायची." पंगतीत नेमकी बासुंदीच होती. नवरा मुलगा बराच वेळ वाटीला हात लावेना. सकाळी देवपूजेच्या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर कुणी फुलांचे फोटो टाकतं, कुणी सुविचार टाकतं. साडू आवाज टाकतात. आदल्या दिवशी सापडलेली गळती मोबाईलवर भरून घेतलेली असते, नुसतंच सूं सूं, आणि खाली लिहिलेलं असतं, ओळखा पाहू. आमचे एक मामा न ऐकताच सवयीने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून मोकळे होतात.

कान मात्र बघण्यासारखा. म्हणजे ऐकण्यासारखा. गवयाने तंबोरा जुळवताना डोळे मिटावेत तसे ते पाइपाखाली उभे राहायचे, मान किंचित तिरकी करायचे आणि सांगायचे, हा फाटक्या नळीचा, हा रेग्युलेटरचा, आणि तो पलीकडचा बारका, तो कुणीतरी दोरा न गुंडाळता नुसत्या हाताने आवळलेल्या सांध्याचा. फिटर शिडी लावून वर जायचा आणि तसंच निघायचं. असले आवाज पकडायचं एक यंत्र आता मिळतं, पिस्तुलासारखं धरायचं आणि कानाला हेडफोन लावायचे. ते विकायला एक जण भोरला घरी आला होता. साडूंनी त्याला चहा पाजला, पोहे खिलवले आणि वाटेला लावताना म्हणाले, "डोळं गेल्यालं चष्मा लावत्यात. माझ्या कानाला चष्मा कशाला?"

एकदा आम्ही दोघं सारोळ्याच्या पुलाअलीकडे चहाला थांबलो होतो. मी पैसे देऊन वळतो तर साडू गायब. बघतो तो कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकखालून त्यांचे दोन पाय बाहेर आलेले. केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर कशाने कोण जाणे जागा झाला आणि खाली उतरून वाकला.

"ओ काका, गाडीखाली काय करताय? म्या स्टार्टर मारला असता म्हंजी?"

"ब्रेकच्या लायनीतनं हवा जातीया. हितं कान लावा."

"जाऊ द्या की. हवा तुमची हाय व्हय?"

"माझी न्हाई. पर कुणाची तरी हाय ना," साडू खालूनच म्हणाले, "आन ब्रेक तर समद्यांचाच हाय."

यावर ड्रायव्हरही आडवा झाला. मी दोन माणसांच्या चार पायांशेजारी अर्धा तास उभा होतो आणि येणारेजाणारे मला अपघाताविषयी विचारत होते. शेवटी सांधा आवळून झाला आणि ड्रायव्हरने आमचा चहा स्वतःच्या नावावर लिहवून घेतला. तो आम्ही आधीच प्यायलेलो होतो, तर त्याने दुसरा मागवला. अशी माणसं साडूंना भेटतात आणि मला वाट बघायला लागते.

आता मुख्य गोष्टीवर येतो. आमचा कारखाना कामथडीच्या जवळ. औषधाच्या बाटल्यांना लागणारी झाकणं करतो आणि तिथलं उत्पादन मी बघतो. गेल्या उन्हाळ्यापासून दुपार झाली की शेवटच्या मशिनला हवा पुरेना. झाकणं साच्यातच अडकून बसायची. मालकांनी कॉम्प्रेसरचा दाब वाढवून बघितला, मग आणखी वाढवला, आणि शेवटी गणपतीच्या सुमाराला नवा मोठा कॉम्प्रेसर घ्यायचं ठरवलं. हे मी घरी जेवताना सहज बोललो. साडू समोर बसले होते. ताटावरून उठले नाहीत एवढंच, बाकी घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी ते मालकांच्या केबिनमध्ये.

"साहेब, नवी मशिन घेऊ नका. हवा हाय तेवढी पुरती. ती फकस्त मधीच गळतीया. मला दसऱ्यापर्यंतचे गुरुवार द्या."

"आणि नाही पुरली तर?"

"तर तुमी मशिन घ्या आन म्या ह्या कामातनं उठलो. पुन्हा कुठल्या कारखान्याची पायरी चढायचा न्हाई. भोरला घरी बसून हिच्या शेंगा फोडीन."

मालक हसले. मी हसलो नाही. हा माणूस शब्द दिला की दिला. आणि घरी बसलेले साडू कसे दिसतील ते मला बघायचं नव्हतं. हवा शोधायची थांबली तर या माणसाला खुर्चीत बसताच येणार नाही, नुसताच वाळत जाईल. अक्कालाही, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, हे कळल्यावर तिने फोनवर एवढंच विचारलं, "असं बोलून आले व्हय?" आणि फोन ठेवला.

गुरुवार अशासाठी की आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. सगळी यंत्रं बंद, माणूस नाही काणूस नाही. अशा वेळी एकटा कॉम्प्रेसर चालू करायचा. टाकी भरली की त्याने लोड सोडला पाहिजे, म्हणजे हवा भरायचं थांबवून नुसतं हलकं फिरत राहिलं पाहिजे. हवा वापरायला कुणी नाही, मग पुन्हा भरायची गरज काय? पण थोड्याच वेळात तो परत घुरघुरतो, लोडवर येतो आणि वीज खायला लागतो. याचा अर्थ कुठून तरी हवा चाललीय. साडू घड्याळ धरून त्याच्यासमोर उभे राहतात आणि तो घुरघुरला की त्यांचा चेहरा दुखल्यासारखा होतो. कॉम्प्रेसर खोटं बोलत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसं बोलतात, मीटर बोलतात, मालक तर बोलतातच, पण कॉम्प्रेसर नाही.

पहिल्या गुरुवारी त्यांनी आमचा फिटर रफीकभाई याला घेऊन सगळा कारखाना पालथा घातला. रफीकभाई भोरचाच, गोरा, मितभाषी, हातात कायम पाना. जिथे गळती सापडेल तिथे साडू कापडाची चिंधी बांधतात. सांधा दुरुस्त झाला की चिंधी सोडायची, बांधलेली दिसली की काम बाकी. या चिंध्या म्हणजे अक्काच्या जुन्या साड्या. कापड लाल असावं, लांबून दिसावं, असा त्यांचा आग्रह, आणि लाल साड्या बायका काही रोज नेसायला घेत नाहीत. अक्काने एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, "माझी गौरीची साडी शिरवळच्या रस्त्याला कुठल्या तरी कारखान्यात लोंबतीय, आन डोहाळजेवणाची पार खेड शिवापूरला."

शुक्रवारी सकाळी माणसं कामावर आली आणि बघतात तर पाइपांना जागोजागी जरीकाठाच्या लाल पट्ट्या बांधलेल्या. आमचा वॉचमन हिर्डोशीचा, साऱ्या गावाचा मामा. त्याने सगळ्यात आधी बघितलं आणि चपला काढल्या. मालकांनी कारखान्याला नवस बोलून बांधल्यात, शेवटच्या मशिनची पीडा जावी म्हणून, असं त्याने आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दुपारपर्यंत दोन पट्ट्यांना हळदकुंकू लागलं होतं. संध्याकाळी एकीला गोंड्याचं फूल. रफीकभाई पाना घेऊन शिडी चढायला लागला तर चार जणांनी शिडी धरली, पण चढू देण्यासाठी नव्हे.

"ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं असतंय, रफीकभाई. आपन हात लावायचा न्हाई," मामा म्हणाला.

रफीकभाईनेही हात लावला नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेशी कोण कशाला भांडेल, असं मला म्हणाला आणि चहाला गेला. मी समजवायला गेलो तर मला म्हणतात, साहेब तुम्ही बोलूच नका, तुम्ही मॅनेजमेंटचे. आठवडाभर पट्ट्यांची पूजा आणि हवेची गळती अशी दोन्ही कामं बिनतक्रार चालू होती. शेवटी साडूंना बोलावलं. मला वाटलं, आता भडकतात. त्यांनी चपला काढल्या, पट्टीला नमस्कार केला, नारळ मागवून फोडला आणि सगळ्यांना जमवून म्हणाले, "नवस हाय, खरंय. पर हा नवस पान्यानं फिटतोय. जो भोक बुजवील त्यानं आपल्या हातानं पट्टी सोडायची." मग काय, पाना धरायला माणसं भांडायला लागली. कधी शिडीकडे न बघणाऱ्या पॅकिंगच्या बायकांनीही दोन पट्ट्या सोडवल्या. पुढच्या आठवड्यात कारखान्यात एक पट्टी उरली नाही, आणि साडू ढोपरापर्यंत पँट दुमडून राजासारखे फिरत होते.

पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे कॉम्प्रेसरसमोर उभे राहिलो. टाकी भरली. कॉम्प्रेसरने लोड सोडला. साडूंनी घड्याळ धरलं. आणि जरा वेळाने तो पुन्हा घुरघुरला. आधीपेक्षा उशिरा घुरघुरला, पण घुरघुरला. साडू मान तिरकी करून सगळा कारखाना फिरले, पुन्हा फिरले, आणि येऊन म्हणाले, "आता कुठंच न्हाई. म्या ऐकलं." परत कॉम्प्रेसर लोडवर आला.

त्यांच्यामागून रफीकभाई येत होता. त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, मागच्या भिंतीला दाजींच्या डोक्यावर फुसफुस चाललीय. मला चांगलं ऐकू येतंय. ते त्याच्याखाली उभे राहून पुढं निघाले." मी म्हणालो, मग सांगायचं ना. तो उलट मलाच, "तुम्ही सांगता?" म्हणाला. मी नाही सांगितलं. त्यांच्या तोंडावर ते वाक्य बोलणं मला शक्य नव्हतं, कारण माझा या माणसावर जीव आहे. रफीकभाईने साडू चहाला गेल्यावर गुपचूप शिडी लावली आणि तो एक सांधा आवळला. पण एकाने काय होतंय? दसरा जवळ येत होता आणि मालकांनी नव्या मशिनच्या माणसाला फोन लावायला सुरुवात केली होती.

त्या रविवारी मी बायकोला घेऊन भोरला गेलो. टीव्ही एवढा मोठ्याने लावलेला की गल्लीच्या तोंडाशीच बातम्या कळल्या. अक्काने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून मला काय कळलंय ते तिने ओळखलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "कुकरची शिट्टी ऐकू येती त्यास्नी. गॅसचा बारका आवाज न्हाई येत. लई दिस झालं." साडू खुर्चीत बसले होते. समोर ताटात शेंगा होत्या. मला वाटलं, शब्द पाळायला सुरुवात केली की काय. त्यांनी टीव्ही बंद केला.

"साडूभाऊ, बसा," ते म्हणाले. "कॉम्प्रेसर खोटं बोलत न्हाई, बरोबर?"

"बरोबर."

"तो म्हणतोय हवा जातीया. म्या म्हणतोय न्हाई. मंग खोटं बोलणारं राहिलं कोण?"

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. साडूंनी एक शेंग फोडली आणि दाणे ताटातच ठेवले. दुसऱ्या दिवशी ते दोघं पुण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, मोठ्या आवाजाच्या जागी वर्षानुवर्षं उघड्या कानांनी काम केलेलं दिसतंय. कॉम्प्रेसर हाऊसमध्ये कंपनी सगळ्यांना कानात घालायला बोळे द्यायची. साडूंनी ते कधी घातले नाहीत. बोळे घातले तर गळती कशी ऐकू येणार, असा त्यांचा हिशेब. हे अक्काने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला त्यांची कीव आली नाही, राग आला. एवढा शहाणा माणूस आणि स्वतःच्या कानांची चिंधी करून बसला.

दसऱ्याआधीच्या शेवटच्या गुरुवारी साडू कारखान्यात आले ते खांद्याला कापडी पिशवी लावून. रफीकभाई आणि मी गेटवरच होतो. पिशवीतून त्यांनी ते पिस्तुलासारखं यंत्र काढलं. त्या विकणाऱ्याला स्वतः फोन करून मागवलेलं. हेडफोन कानाला लावले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "कान गेलाय माझा. यंत्राचा चालतोय. चला कामाला." एवढं बोलून हा माणूस आत निघाला. कुणी विचारायच्या आत सांगून मोकळा. मालकांसमोरही तेच, तसंच.

त्या यंत्राची करामत अशी की माणसाच्या कानाला न पोचणारा आवाज ते खाली आणून हेडफोनमध्ये सोडतं. साडूंनी यंत्र छताकडे धरलं आणि जागच्या जागी थांबले. तोंड उघडं राहिलं. "एवढ्या?" म्हणाले. मग एकेक दाखवत सुटले. मागच्या भिंतीला, खांबाआड, आणि जुन्या बंद पडलेल्या विभागाकडे गेलेला एक आख्खा पाइप, ज्याच्यात कुणाला काही नको असताना हवा भरलेली होती. रफीकभाई शिडी सरकवत होता, मी पाने देत होतो, मामा नारळ घेऊन आला होता आणि त्याला कुणी थांबवलं नाही. दुपारी चाचणी घेतली. टाकी भरली, कॉम्प्रेसरने लोड सोडला आणि हलका फिरत राहिला. इतका वेळ फिरत राहिला की मालक खुर्ची मागवून बसले. शुक्रवारी शेवटच्या मशिनमधून झाकणं लाह्यांसारखी उडत होती. नवा कॉम्प्रेसर आला नाही आणि आता येणारही नाही. साडूंकडे पुढच्या गुरुवारचं काम ठरलेलं आहे, त्याच्या पुढच्याचंही.

पण मला सांगायचंय ते त्याच गुरुवारच्या संध्याकाळचं. आवराआवर चालली होती. साडूंनी जाता जाता पुन्हा एकदा यंत्र फिरवलं आणि कोपऱ्यातल्या एका मशिनपाशी थांबले. एक बारीक गळती राहिली होती. रफीकभाई पाना घेऊन पुढे झाला. साडूंनी हात आडवा केला.

"रफीक, जरा दम धर."

"का दाजी? एक मिनिटाचं काम आहे."

"ठाव हाय. लई वर्सांनी असला बारका आवाज कानावर पडलाय. जरा ऐकू दे."

त्यांनी क्रेट उलटा करून घेतला आणि बसले. डोळे मिटले, मान तिरकी केली. रफीकभाई पाना खाली धरून उभा राहिला आणि मीही उभा राहिलो. पलीकडे टाकीतली हवा थोडी थोडी कमी होत होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कॉम्प्रेसर घुरघुरून लोडवर आला, तरी साडू उठले नाहीत.